दोन आवृत्त्यांच्या मधे अडकलेले फोल्डर
मेल सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये एकच दुखणं पुन्हा पुन्हा दिसलं: सगळ्यांनी मिळून वापरायचा मेलचा फोल्डर गेला, आणि तो परत आणायचा तर एका बाजूला जुना सर्व्हर, दुसऱ्या बाजूला नवा. एखाद्याचा स्वतःचा मेलबॉक्स गेला तर तो माणूस त्याच दिवशी तुमच्या टेबलाशी येऊन उभा राहतो. सामायिक फोल्डरचं तसं होत नाही. तो सगळ्यांचा असतो, त्यामुळे गेल्याचं कुणाच्या लक्षात येईपर्यंत आठवडे उलटतात. म्हणूनच हे काम अवघड होतं. पहिल्या पत्राला मी जास्त जागा देते आहे, कारण त्यातली चूक होण्याआधीच ते पत्र आलं आहे.

प्रश्न: मॅडम, आमच्याकडे एक्सचेंज 2010चे (मायक्रोसॉफ्टची मेल प्रणाली) दोन सर्व्हर आहेत आणि दोन्हींवर पब्लिक फोल्डरच्या, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक फोल्डरांच्या, रेप्लिका (प्रती) आहेत. मधे एक्सचेंज 2016 आणला, निम्मे मेलबॉक्स त्यावर हलवले. पब्लिक फोल्डर मात्र अजून 2010वरच आहेत. परवा कळलं, की खरेदी विभागाचा करारांचा फोल्डर आतल्या सगळ्या उपफोल्डरांसकट दीड महिन्यापूर्वी कुणीतरी डिलीट केला. त्याच्या आदल्या आठवड्यातला पूर्ण बॅकअप हाताशी आहे. साहेब म्हणतात, पब्लिक फोल्डरचा डेटाबेस बॅकअपवरून आहे तिथेच रिस्टोर करा. सहकारी म्हणतो, बॅकअपमधली फाइल सरळ 2016वर माउंट करू, म्हणजे जोडून चालू करू. कुणाचं ऐकू?

उत्तर: दोघांचंही नको. तुम्ही हात लावण्याआधी विचारलंत, हे फार बरं झालं.

साहेबांच्या मार्गाचं काय होईल ते आधी पाहा. 2010पर्यंतच्या पब्लिक फोल्डरमध्ये प्रत्येक रेप्लिका लिहिण्याजोगी असते. कुठल्याही सर्व्हरवर बदल झाला की तो मेलच्याच रूपात बाकीच्यांकडे जातो. फोल्डरांची उतरंड प्रत्येक पब्लिक फोल्डर डेटाबेसकडे जाते, आतला मजकूर फक्त रेप्लिकांच्या यादीतल्या सर्व्हरांकडे. तुम्ही पहिल्या सर्व्हरवर दीड महिन्यापूर्वीचा डेटाबेस चढवलात, की तो दुसऱ्याला विचारणार: मधल्या काळात काय काय झालं? दुसरा सर्व्हर इमानाने सगळं सांगणार, आणि त्यात ‘हा फोल्डर डिलीट झाला’ हेही असणार. परत आलेला फोल्डर तुमच्या डोळ्यांदेखत पुन्हा नाहीसा होईल. शिवाय ज्या फोल्डरांची रेप्लिका फक्त पहिल्या सर्व्हरवर आहे, त्यांतले दीड महिन्याचे मेल जातील ते वेगळेच. एका फोल्डरसाठी बाकीच्या सगळ्यांना मागे ओढायचं नाही.

सहकाऱ्याचा मार्ग तर सुरूच होत नाही. एक्सचेंजचा डेटाबेस एका आवृत्तीतून उचलून दुसऱ्या आवृत्तीत माउंट करता येत नाही. आवृत्ती बदलताना मजकूर हलवायचा असतो, फाइल नव्हे. त्यातून पब्लिक फोल्डरचा मुक्कामच 2013पासून बदलला. पूर्वी त्यांचा स्वतंत्र डेटाबेस होता, आता ते खास पब्लिक फोल्डर मेलबॉक्समध्ये राहतात आणि ते मेलबॉक्स साध्या मेलबॉक्स डेटाबेसमध्ये. 2016ला तुमची ती जुनी फाइल ठेवायला जागाच नाही. रिकव्हरी डेटाबेस (बॅकअप बाजूला उघडून त्यातलं हवं ते काढायची सोय) वापरू, असंही कुणी सुचवेल. 2010चा रिकव्हरी डेटाबेस फक्त मेलबॉक्स डेटाबेस घेतो, पब्लिक फोल्डरचा घेत नाही.

मग रस्ता कुठला? आधी फोल्डर खरोखर गेलाय का ते बघा. डिलीट झालेला माल डेटाबेस ठरावीक मुदतीपर्यंत जपून ठेवतो. मूळ मुदत 14 दिवसांची असते, पण कुणी ती वाढवलेली असू शकते, आणि ती प्रत्येक डेटाबेसला स्वतंत्र असते. गेट-पब्लिकफोल्डरडेटाबेस ही आज्ञा दोन्ही सर्व्हरांसाठी चालवा आणि डिलीटेड आयटम रिटेन्शनचा आकडा वाचा. एखाद्या ठिकाणी तो 60 दिवस निघाला, तर आउटलुकमध्ये गेलेल्या फोल्डरच्या वरच्या फोल्डरवर उभं राहून ‘रिकव्हर डिलीटेड आयटम्स’ उघडा. वरच्या फोल्डरवरच, हे ध्यानात ठेवा. शेजारच्या फोल्डरवर उभं राहून शोधणारे लोक ‘काहीच नाही’ म्हणून परत जातात. एक्सफोल्डर्स नावाचं मायक्रोसॉफ्टचं छोटं साधन 2010साठी आहे. त्यात नेमका डेटाबेस निवडून हटवलेले उपफोल्डर पाहता येतात, म्हणून मी आउटलुकपेक्षा त्याच्यावर जास्त विसंबते. आणि मुदत संपत आली असेल, तर बाकी काही करण्याआधी ती आजच वाढवून ठेवा. रात्रीच्या देखभालीच्या फेरीत मुदत संपलेला माल कायमचा पुसला जातो.

तिथे काही मिळालं नाही, तर बॅकअपकडे वळा. पण बंद जाळ्यात. चालू जाळ्याशी कुठल्याही तारेने वा व्हर्च्युअल स्विचने न जोडलेल्या मशीनवर बॅकअपमधला एक डोमेन कंट्रोलर (माणसांची खाती सांभाळणारा सर्व्हर) उभा करा. शक्यतो डेटाबेसच्या बॅकअपच्याच दिवसांतला. त्या जाळ्यात मूळ सर्व्हरच्याच नावाचं मशीन घ्या आणि त्यावर एक्सचेंज 2010, अगदी त्याच सर्व्हिस पॅकचं, सेटअपच्या रिकव्हर सर्व्हर पर्यायाने बसवा. म्हणजे सगळी नावं मूळचीच राहतील. पब्लिक फोल्डरचा डेटाबेस मेलबॉक्स डेटाबेससारखा दुसऱ्या नावाच्या सर्व्हरवर उचलून नेता येत नाही, म्हणून हा खटाटोप. नुसता नवाकोरा डोमेन उभारूनही मजकूर मिळवता येतो, हे खरं आहे. पण तिथे तुमची माणसंच नसतात, आणि मग फोल्डरवर कुणाकुणाला काय परवानगी होती, हे कळायला मार्ग उरत नाही. ते कळणं मजकुराइतकंच मोलाचं आहे, त्यावर पुढे बोलते.

डेटाबेस फाइल रिस्टोर झाली की माउंट करण्याची घाई नको. इसेयुटिल (एक्सचेंजसोबत येणारं डेटाबेस तपासण्याचं साधन), मग तिरकी रेघ आणि एमएच, अशी आज्ञा त्या फाइलवर चालवा. बऱ्याच ओळी येतील. त्यात ‘स्टेट’ची ओळ शोधा. क्लीन शटडाऊन असेल तर ठीक. डर्टी शटडाऊन दिसलं तर घाबरू नका, चालू डेटाबेसचा बॅकअप असाच येतो. खालच्या ‘लॉग रिक्वायर्ड’ ओळीत कुठल्या क्रमांकापासून कुठल्यापर्यंतच्या लॉग फाइल (डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदी) लागतील, हे लिहिलेलं असतं. त्या बॅकअपमध्ये आहेत का ते मोजून पाहा आणि आर पर्यायाने त्या डेटाबेसमध्ये उतरवून घ्या. पी पर्यायाला मात्र हात लावू नका. तो बिघडलेली पानं दुरुस्त करत नाही, काढून टाकतो, आणि कोणतं पान कुणाच्या करारातलं होतं हे मागाहून कुणालाही सांगता येत नाही. मूळ फाइलची एक न उघडलेली प्रत बाजूला राहू द्या.

अजून एक सापळा आहे. त्या फोल्डरवर किंवा डेटाबेसवर मेलच्या वयाची मर्यादा लावलेली असेल, तर बंद जाळ्यातला सर्व्हरसुद्धा आजची तारीख बघून जुने मेल मुदतबाह्य ठरवेल आणि देखभालीच्या फेरीत काढून टाकेल. डेटाबेस माउंट होताच ती मर्यादा आधी काढा.

आता फोल्डर समोर दिसतो आहे. तिथे एक तात्पुरता मेलबॉक्स करा, त्याला फोल्डरवर मालकीची परवानगी द्या आणि आउटलुकमधून उपफोल्डरांसकट पीएसटी फाइलमध्ये (आउटलुकची मेल साठवण्याची फाइल) काढा. पीएसटी युनिकोड प्रकारचीच हवी. जुन्या आन्सी प्रकाराला 2 जीबीची मर्यादा आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे देवनागरीत लिहिलेले विषय आणि नावं तिथे प्रश्नचिन्हं होऊन बसतात. युनिकोड पीएसटीची मर्यादा आउटलुक 2007पर्यंत 20 जीबी आणि 2010पासून 50 जीबी आहे. फोल्डर मोठा असेल तर वर्षावार तुकडे करा.

आणि इथेच बहुतेक जण थांबतात. मेल मिळाले म्हणजे फोल्डर मिळाला, असं समजतात. मला हे मनापासून सांगायचंय: पीएसटीत मेल येतात, फोल्डरची परवानगी येत नाही, त्याचा ईमेल पत्ता येत नाही, रेप्लिकांची यादी येत नाही. तेवढ्यावर फोल्डर पुन्हा उभा केलात, तर नवा फोल्डर वरच्या फोल्डरच्या परवानग्या वारशाने घेतो. मग एक तर खरेदी विभागातल्या माणसांना दार बंद, नाही तर करार अख्ख्या ऑफिसला उघडे. दुसरी गोष्ट जास्त घातक आहे, कारण तिची तक्रार कुणी करत नाही. म्हणून बंद जाळ्यातून निघण्याआधी गेट-पब्लिकफोल्डरक्लायंटपरमिशन चालवून प्रत्येक उपफोल्डरच्या परवानग्या फाइलमध्ये उतरवा, गेट-मेलपब्लिकफोल्डरने त्याचे सगळे पत्ते आणि लीगसी एक्सचेंज डीएन ही ओळ (एक्सचेंजच्या आत वापरला जाणारा पत्ता) उतरवा. चालू जाळ्यात फक्त पीएसटी आणि या फाइली न्यायच्या. त्या मशीनची तार कधीही जोडायची नाही.

परत आणायचं कुठे, तर 2010वर. 2016वर मेलबॉक्स असलेली माणसं 2010वरचे जुने पब्लिक फोल्डर वाचू शकतात. उलट होत नाही, 2010वर मेलबॉक्स असलेल्याला 2016वरचे नवे पब्लिक फोल्डर दिसत नाहीत. म्हणूनच आधी सगळे मेलबॉक्स हलवायचे आणि पब्लिक फोल्डर शेवटी, हा क्रम आहे. ‘एवढाच एक फोल्डर 2016वर ठेवू’ हा मोह टाळा, जुने आणि नवे पब्लिक फोल्डर एकाच संस्थेत एकत्र नांदवता येत नाहीत. नवा फोल्डर करताना रेप्लिका आधी एकाच सर्व्हरवर ठेवा, आउटलुकमधून पीएसटी आत घ्या, परवानग्या लावा, आणि सगळं बसल्यावर दुसरी रेप्लिका जोडा. नाहीतर आत येणारी प्रत्येक वस्तू लगोलग मेल होऊन दुसऱ्या सर्व्हरकडे निघते आणि रांगेत लोकांची कामाची पत्रं अडकतात. शेवटी दोन्ही सर्व्हरवर गेट-पब्लिकफोल्डरस्टॅटिस्टिक्स चालवा. वस्तूंचे आकडे जुळेपर्यंत काम संपलेलं नाही.

फोल्डरला ईमेल पत्ता होता का? असेल तर त्याला पुन्हा मेल-एनेबल करा, म्हणजे त्यावर मेल येऊ शकेल असं करा, जुना पत्ता द्या, आणि जुनी लीगसी एक्सचेंज डीएन ओळ एक्स500 पत्ता म्हणून जोडा. नाहीतर नव्याने लिहिलेली पत्रं पोचतील, पण जुन्या मेलला दिलेली उत्तरं परत येतील. ती जुनी ओळ मिळाली नसेल तरी परत आलेल्या पत्रातूनच काढता येते. त्यात ‘आयएमसीईएईएक्स’ने सुरू होणारा एक लांबलचक पत्ता असतो. सुरुवातीचा तो शब्द आणि त्यानंतरची आडवी रेघ काढा, शेवटचा अ‍ॅटपासूनचा भाग काढा. मग प्रत्येक खालच्या रेघेच्या जागी तिरकी रेघ, +20च्या जागी मोकळी जागा, +28 आणि +29च्या जागी कंस, +2ईच्या जागी टिंब घाला. उरते तीच ती ओळ. बाहेरच्या लोकांची पत्रं या फोल्डरवर यायची असतील, तर ‘अ‍ॅनॉनिमस’ला वस्तू निर्माण करण्याची परवानगी आहे का, तेही बघून घ्या.

एक आग्रहाची विनंती. हे झालं की स्थलांतर पुरं करा. 2010चा आधार 13 ऑक्टोबर 2020ला संपला आणि 2016चा 14 ऑक्टोबर 2025ला. निम्मे इकडे, निम्मे तिकडे ही अवस्था थोड्या काळासाठी असते. तिच्यात वर्षानुवर्षं राहिलात तर प्रत्येक छोटा अपघात असाच मोठा होत जाईल.

प्रश्न: आमचे पब्लिक फोल्डर पूर्णपणे 2016वर आले आहेत. गेल्या आठवड्यात एक उपफोल्डर चुकून गेला. आम्हालाही ही सगळी मशीनं उभी करावी लागतील का?

उत्तर: मुळीच नाही. नव्या रचनेत डिलीट झालेला फोल्डर ‘नॉन आयपीएम सबट्री’ या लपलेल्या शाखेखालच्या डम्पस्टरमध्ये (हटवलेल्या मालाच्या साठ्यात) जातो. गेट-पब्लिकफोल्डर त्या शाखेवर रिकर्स पर्यायासह (आतल्या सगळ्या फोल्डरांसकट) चालवा, नावावरून गाळून घ्या, आणि सापडलेल्या फोल्डरचा एंट्री आयडी (त्याचा ओळख क्रमांक) टिपून घ्या. मग सेट-पब्लिकफोल्डरला तो आयडी आणि पाथमध्ये मूळ वरचा फोल्डर द्या. फोल्डर जागेवर येतो. मुदत इथेही ठरावीकच असते, तेव्हा पत्राच्या उत्तराची वाट न पाहता हे केलं असेल अशी आशा करते.

मुदत उलटलेली असेल, तरी 2010वाल्यांपेक्षा तुम्ही सुखी आहात. पब्लिक फोल्डर आता मेलबॉक्समध्ये असल्यामुळे रिकव्हरी डेटाबेस चालतो. न्यू-मेलबॉक्सरिस्टोररिक्वेस्टने हवा तेवढा फोल्डर काढता येतो. बॅकअप मात्र 2016चाच हवा. स्थलांतराआधीचा 2010चा बॅकअप त्यात माउंट होणार नाही, त्याला पहिल्या उत्तरातलाच मार्ग. आणि एक सांभाळा: फोल्डरांची उतरंड लिहिण्याचा अधिकार एकाच मेलबॉक्सला असतो, त्याला प्रायमरी हायरार्की मेलबॉक्स म्हणतात. एका फोल्डरसाठी तो अख्खा मेलबॉक्स मागच्या तारखेला नेऊ नका.

प्रश्न: आम्ही एक्सचेंज वापरत नाही, डव्हकॉट हा दुसरा मेल सर्व्हर वापरतो. जुन्या सर्व्हरवरचा सामायिक मेलडिर फोल्डर (ज्यात प्रत्येक मेलची वेगळी फाइल असते) बॅकअपमधून नव्या आवृत्तीच्या सर्व्हरवर कॉपी केला. मेल सगळे आले, पण प्रत्येकाच्या फोनवर अख्खा फोल्डर नव्याने उतरायला लागला, रंगीत लेबलं अदलाबदल झाली आणि दोघांना फोल्डर दिसतच नाही. कॉपी करताना काय राहिलं?

उत्तर: डव्हकॉटच्या नावाने सुरू होणाऱ्या फाइली राहिल्या असणार. तुमची तिन्ही लक्षणं वेगवेगळ्या फाइलींची आहेत.

आयमॅपमध्ये (फोन ज्या पद्धतीने सर्व्हरवरचे मेल वाचतो ती) प्रत्येक मेलला फोल्डरपुरता एक क्रमांक असतो आणि फोल्डरला यूआयडी व्हॅलिडिटी नावाचा एक आकडा. तो आकडा बदलला की फोनमधलं अ‍ॅप समजतं की हा फोल्डरच वेगळा आहे, आणि साठवलेलं सगळं टाकून पहिल्यापासून उतरवायला लागतं. मेलडिरमध्ये हे दोन्ही ‘डव्हकॉट-यूआयडीलिस्ट’ या फाइलीत लिहिलेलं असतं. ती आली नाही, म्हणून नव्या सर्व्हरने स्वतःची नवी केली. लेबलांचं तसंच. मेलडिर फाइलच्या नावात लेबल म्हणून फक्त एक छोटं अक्षर असतं. ‘अ’ म्हणजे कुठलं लेबल आणि ‘ब’ म्हणजे कुठलं, हे ‘डव्हकॉट-कीवर्ड्स’ फाइल सांगते. परवानग्या ‘डव्हकॉट-एसीएल’मध्ये. न दिसणाऱ्या दोघांची सबस्क्रिप्शन यादीही बघा. परवानगी असूनही यादीत नाव नसेल, तर बरीच अ‍ॅप फोल्डर दाखवत नाहीत.

आत्ता काय कराल: नव्या सर्व्हरवर त्या फोल्डरमध्ये अजून नवे मेल आले नसतील, तर तो बाजूला ठेवून बॅकअपमधून या फाइलींसकट पुन्हा आणा. नवे मेल आले असतील, तर जुना सर्व्हर बाजूला चालू करून डव्हअ‍ॅडमिनच्या सिंक आज्ञेने एकतर्फी आणा. तिला ‘एक’ हा पर्याय असतो, तो लक्ष्याकडचे नवे बदल राखतो. बॅकअप नावाची आज्ञा वापरू नका. तिचं नाव धीर देणारं आहे, पण ती लक्ष्याला हुबेहूब मूळासारखं करते, म्हणजे तिथे जास्तीचं जे असेल ते पुसते. आयमॅपसिंक हा तिसरा मार्ग कुठल्याही दोन सर्व्हरांमध्ये चालतो, पण तो मेलचे क्रमांक जपत नाही. फोनवर पुन्हा सगळं उतरेल.

मेलडिरच्या इंडेक्स फाइली आल्या नाहीत तरी चालतं, त्या पुन्हा तयार होतात. हे ऐकून डीबॉक्स (डव्हकॉटचा मेल साठवण्याचा दुसरा प्रकार) वापरणाऱ्यांनी मात्र इंडेक्स पुसू नयेत. डीबॉक्समध्ये वाचलं-न वाचलंची खूण इंडेक्समध्येच राहते.

परवानग्या दुसऱ्या सर्व्हरवरून आणत असाल तर अक्षरं तपासा. आयमॅप परवानग्यांच्या 1997च्या मानकात फोल्डर तयार करण्याला ‘सी’ आणि मेल काढण्याला ‘डी’ अशी ढोबळ अक्षरं होती. 2005च्या आरएफसी 4314 या नव्या मानकाने ती फोडली: मेलवर काढून टाकण्याची खूण करणं, तो कायमचा काढणं आणि अख्खा फोल्डर काढणं यांना आता वेगवेगळी अक्षरं आहेत. जुना ‘डी’ जसाच्या तसा नव्यात भाषांतरित झाला, तर ज्याला फक्त मेल काढता यावा असं तुमच्या मनात होतं, त्याला काही सर्व्हरांवर फोल्डरही काढता येईल.

प्रश्न: दोन सर्व्हरांवर सारखी रेप्लिका असताना पब्लिक फोल्डरचा वेगळा बॅकअप घ्यायची गरज आहे का? जागा वाचेल.

उत्तर: गरज आहे. मशीन बंद पडलं तर रेप्लिका वाचवते. माणसाने डिलीट दाबलं, तर रेप्लिका ते डिलीट दुसऱ्या सर्व्हरपर्यंत नेऊन पोचवते. वरचं पहिलं पत्र पाहा. जागा वाचवायचीच असेल तर बॅकअप कमी करू नका, डिलीटेड आयटमची मुदत किती ठेवायची याचा हिशेब करा. ती 14वरून 60 दिवसांवर नेलीत, तर डेटाबेस थोडा फुगेल, पण बहुतेक वेळा बॅकअपला हातच लावावा लागणार नाही. आणि महिन्यातून एकदा परवानग्यांची यादी फाइलमध्ये काढून बॅकअपशेजारी ठेवा. तिला जागा काही केबी लागते.